उजव्या बाजूचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. 'जुनी' म्हणवून घ्यायला मला अजूनही जड जातं. पण अंगणातल्या मांजरानंही आता माझं टप हे आपलं हक्काचं अंथरूण ठरवलंय, तेव्हा लपवून उपयोग नाही. माझा रंग गडद हिरवा. नाकामागे आठ सिलिंडरचं इंजिन, आत खऱ्या चामड्याच्या खुर्च्या आणि समोर अक्रोडाच्या लाकडाची गुळगुळीत पट्टी. तरुणपणी मला मागे टाकणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. यात थोडी बढाई आहे, हे मला कळतं. पण ही बढाई पुढे कशी उतरली तेच मला सांगायचंय, म्हणून आधी ती जरा चढू द्या.

माझी परीक्षा माझ्या जन्माआधीच झाली होती. कारखान्यात माझ्या काही सख्ख्या बहिणींना मुद्दाम भिंतीवर आपटलं गेलं. त्यांच्यात माणसांच्या जागी पुतळे बसवले होते. आपटल्याबरोबर शहाणी माणसं धावत आली, पण बहिणींची विचारपूस कोणी केली नाही. पुतळ्याची मान किती हलली, गुडघा कुठे लागला, तेवढंच त्यांनी बघितलं. बहिणी भंगारात गेल्या आणि त्यांच्या जिवावर मला पदवी मिळाली, की ही गाडी वेगवान असूनही सुरक्षित आहे. ती पदवी मी आयुष्यभर मिरवली. माझे ब्रेक मोठे, सांगाडा भक्कम, आणि पोटात घडी घालून ठेवलेल्या हवेच्या उशा. माणसांचा जीव राखणं हे जणू आमचं खानदानी काम.

मला विकत घेतलं राइनहोल्ट बीलमायर यांनी. आल्ब डोंगराच्या पायथ्याशी, हाल्डेनबाख गावात, त्यांची बनियन-मोज्यांची छोटी गिरणी होती. आमच्या श्वाबेन भागातली माणसं कष्टाळू, आणि पैशाच्या बाबतीत, कसं सांगू, पार्सलाची सुतळी न कापता सोडवून गुंडाळून ठेवणारी. अशा माणसानं साठीला आल्यावर, आयुष्यात एकदाच, मनासारखी मोठी गाडी घेतली. आणि घेताना पहिली अट काय घातली असेल? माझ्या पाठीवरचा आकडा काढून टाका. ज्या आकड्यावरून लोकांना कळतं की हिच्या पोटात केवढं इंजिन आहे, तोच आकडा. आमच्याकडे ही रीतच आहे. पैसा असावा, पण तो शेजाऱ्याला दिसू नये. लेकीचं बारसं थाटात करावं आणि नाव मात्र कोणाला सांगू नये, तसं माझं झालं. मी कित्येक दिवस फुरंगटून होते.

अर्थात गावाला जे कळायचं ते कळलंच. चढावरचा माझा आवाज ऐकून बेकरीवाला मालकांना म्हणाला, "राइनहोल्ट, गाडी साधीच घेतलेली दिसतेय."

"हो, साधीच," मालक म्हणाले. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो. उजव्या खुर्चीवर मालकांच्या पत्नी, लोरेबाई, बसायच्या. लग्नाआधी त्या गिरणीतच रफू करायच्या. यंत्रातून सुटलेला टाका असो की उंदरानं कुरतडलेली बाही, एकदा त्यांच्या हातून गेली की भोक कुठे होतं ते शोधूनही सापडत नसे. शनिवारी दुपारी माझी अंघोळ असायची. बाहेरची बाजू मालकांची, आतली लोरेबाईंची. ही वाटणी इतकी पक्की होती की मालकांनी कधी आतली धूळ झटकली नाही, आणि लोरेबाईंनी कधी माझ्या चाकाला फडकं लावलं नाही.

महामार्गावर वेगाचं बंधन नसलेला मोकळा रस्ता मिळाला, की मालकांचा पाय जड व्हायचा आणि माझ्या छातीत गाणं सुरू व्हायचं. काटा दोनशेच्या पुढे सरकला की उजवीकडून शांतपणे एकच वाक्य यायचं.

"राइनहोल्ट, मला घाई नाही."

ओरडणं नाही की रुसणं नाही. खिडकीबाहेरच्या शेतांकडे बघत त्या ते म्हणायच्या. "मला तरी कुठे आहे?" असं मालक पुटपुटायचे आणि काटा हळूहळू खाली यायचा. मला लोरेबाईंचा भारी राग यायचा. रंगात आलेली गाण्याची बैठक कोणीतरी पाणी मागून मोडावी, तसं वाटायचं.

गावात त्यांचं वाक्य वेगळं असे. बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा आमच्याकडचा नियम. चर्चपाशी असाच एक चौक आहे. तिथे उजव्या हाताचं दगडी कुंपण थेट रस्त्याला येऊन भिडलंय, त्यामुळे डावीकडे बसलेल्याला काही म्हणता काही दिसत नाही. तिथे आलो की लोरेबाई काचेपर्यंत पुढे झुकायच्या, बघायच्या आणि सांगायच्या, "उजवीकडे मोकळं." नाहीतर, "थांब." मालक त्यांच्या शब्दावर गाडी पुढे घालायचे. हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. संसारातल्या बऱ्याच गोष्टींसारखं ते आपोआप ठरून गेलं होतं.

वर्षं गेली. गिरणी विकली गेली, मालकांचे केस गेले, माझी चमक थोडी उतरली, पण अंगावर ओरखडा म्हणून नाही. वाढदिवसाला पाहुणे जमले आणि कोणी माझा विषय काढला की मालक म्हणायचे, "एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही. गाडी असावी तर अशी." स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहून मी ते ऐकायचे आणि फुगायचे. माझ्या पोटातल्या उशांवर मात्र फुगायची वेळ कधी आली नाही. मला वाटायचं, हे सगळं माझंच कर्तृत्व.

मग एका वसंतात, सफरचंदाची झाडं पांढरी झालेली असताना, लोरेबाई गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना माहेरच्या गावी, वर पठारावर पुरलं. पुढच्या रविवारी मालक तिथे लावायला फुलाची कुंडी घेऊन निघाले. कुंडी त्यांनी उजव्या खुर्चीवर ठेवली. माझ्या खुर्चीला वजन कळतं, ते माणसाचं की कुंडीचं हे कळत नाही. मी आपली वाजत राहिले, पट्टा बांधा, पट्टा बांधा. मालकांनी हात लांब करून कुंडीला पट्टा बांधला. येताना कुंडी नव्हती, पण पट्टा तसाच अडकवलेला राहिला. तो त्यांनी पुन्हा सोडला नाही. त्या खुर्चीवर कोणाला बसूही दिलं नाही. त्यांची मुलगी ऊटे आली तरी मुकाट्यानं मागे बसायची.

त्यानंतर मी फारशी बाहेर पडत नसे. सकाळी बेकरी आणि रविवारी पठारावरची दफनभूमी, एवढाच माझा प्रवास. रविवारी वर बस जात नाही, त्यामुळे मालकांचा आणि लोरेबाईंचा जो काही संबंध उरला होता तो माझ्या चार चाकांवरच होता. शनिवारची अंघोळ चालू राहिली, पण बाहेरच्या बाजूची. आत उजवीकडे धूळ बसत गेली. मालक तिकडे बघायचे आणि दार लावून घ्यायचे.

आणि हो, माझ्या टायरांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असतात. मालक दोन्ही जोड स्वच्छ धुऊन, पुसून, तळघरात टांगून ठेवायचे. गाडी फार फिरत नसल्यामुळे टायरांच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या. चांगली वस्तू टाकायची कशाला, हे वाक्य आमच्या भागात प्रार्थनेसारखं म्हणतात. ओल्या रस्त्यावर माझे पाय ताठरल्यासारखे व्हायचे, जमीन धरायची ती धरायचे नाहीत. पण मला सांगता कुठे येतं?

ऑक्टोबरातली एक सकाळ होती. रात्री पाऊस पडून गेला होता. मालक बेकरीतून ब्रेझेल पावांची पिशवी घेऊन निघाले आणि आम्ही चर्चच्या चौकात आलो. त्यांनी नेहमीसारखा वेग कमी केला, क्षणभर थांबल्यासारखं केलं, आणि मग मला पुढे सोडलं. त्याच वेळी कुंपणाआडून पोस्टाची पिवळी सायकल आली. मालकांनी ब्रेक दाबला. मी जीव खाऊन चाकं आवळली, पण ओल्या दगडी फरशीवर मी घसरतच गेले. पोस्टवाली काटरिन सायकल सोडून बाजूला पडली. सायकलचं पुढचं चाक माझ्या नाकाखाली वाकलं, आणि सगळ्या गावाची पत्रं रस्त्यावर पसरली.

मालक गडबडीनं उतरले. काटरिन तोवर धडपडत उभी राहिली होती. तिचा तळहात सोलवटला होता, बाकी काही झालं नव्हतं. ती रागावली नाही, तेच मालकांना जास्त लागलं असावं. ती एवढंच म्हणाली, "बीलमायर साहेब, उजवीकडून मी येत होते ना."

मालक तिथेच गुडघ्यावर बसले आणि एकेक पत्र रुमालानं पुसून तिच्या हातात देत राहिले. माझ्या नाकावर माझ्या आयुष्यातला पहिला ओरखडा उठला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

रविवारी ऊटे आली. ती शहरातल्या इस्पितळात, अपघातांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. सोबत तिची सतरा वर्षांची मुलगी आनिका होती. स्वयंपाकघरात आमच्याकडच्या पद्धतीची मसूर आणि शेवयांची ताटं वाढली गेली, पण चमच्यांचे आवाज फारसे आले नाहीत.

"बाबा, आता पुरे झालं," ऊटे म्हणाली.

"एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा…" मालकांनी सुरुवात केली.

"ओरखडा काटरिनला आलाय, बाबा."

मग ऊटेनं सगळं मांडलं. लायसन्स परत करायचं. त्याच्या बदल्यात बसचा फुकट पास मिळतो. गाडी विकायची, कारण इतक्या ताकदीची गाडी दारात असली की मोह होणारच. अशा गाड्यांच्या अपघातातली माणसं ती रोज बघत होती. गाडी कितीही मजबूत असली तरी समोरचा मजबूत नसतो, असं ती म्हणाली. मालकांनी फक्त विचारलं, की रविवारी पठारावर बस जाते का. नाही जात, हे ऊटेलाही ठाऊक होतं.

विकायची म्हणजे किंमत ठरवायला हवी. म्हणून ऊटेनं गाड्या तपासणाऱ्या नेगेले यांना बोलावलं. मला तर ते बोलावणं मानाचंच वाटलं. म्हटलं, आता बघा माझी योग्यता. नेगेलेंनी माझ्या रंगाची जाडी मोजली, खाली उताणे पडून सांगाडा बघितला, ब्रेक तपासले. गाडी धडधाकट आहे, पूर्वी कधी ठोकलेली नाही, असा निर्वाळा दिला. मी इकडे तिकडे बघत होते की सगळे ऐकताहेत ना. मग ते माझ्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि रबरात नख रुतवून बघू लागले. ते रुतेना.

"खाचा छान आहेत," ते म्हणाले, "पण टायर कधी बनला त्याचा हा आकडा कोणी बघितला होता का? तुमची नात शाळेत जायला लागली तेव्हाचे आहेत हे. रबराला वय होतं, साहेब. खाचा राहतात आणि पकड जाते. ओल्या रस्त्यावर ह्यांच्यात आणि लाकडात फार फरक नाही."

त्यांचं मत पक्कं होतं. नवे टायर असते तर गाडी त्या चौकात सायकलच्या बरीच अलीकडे थांबली असती. कोणी विचारलं तर हे आपण लिहून द्यायला तयार आहोत, असंही ते म्हणाले.

ऊटेचा चेहरा एकदम सैल पडला. कठोर बोलून तिला झोप लागत नसावी. "म्हणजे बाबा, तुमची चूक नव्हतीच," ती म्हणाली. नवे टायर घालू, दिवसाउजेडी तेवढी चालवा, रविवारी आईकडे जात जा. एका दमात तिनं सगळं परत देऊन टाकलं. मलाही हायसं वाटलं. दोष रबराचा ठरला, माझा नाही आणि मालकांचाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मालकांनी माझ्या नाकावर, ओरखड्याशेजारी, हात ठेवला.

"टायर कडक होते हे खरं," ते म्हणाले. "पण ब्रेक मी सायकल दिसल्यावर दाबला. त्याआधी मी उजवीकडे बघितलंच नव्हतं."

"तिथे कुंपणामुळे दिसतच नाही, बाबा."

"तुझी आई बघून सांगायची." मालक म्हणाले. "अजून सांगते. प्रत्येक चौकात मला तिचा आवाज येतो, ऊटे. उजवीकडे मोकळं. त्या सकाळीही आला, अगदी स्वच्छ. आणि मी गेलो."

नेगेले आपली उपकरणं पेटीत भरू लागले. मित्रांनो, त्या सकाळी माझ्यात कोणाचाही आवाज झाला नव्हता, याची साक्षीदार मी एकटीच. मालकांनी टायरावर ढकलून दिलं असतं तर कोणाला कधी कळलं नसतं. आयती पळवाट समोर उघडी असताना त्यांनी ती हातानं लावून घेतली. त्यात त्यांचा रविवारही गेला. माझ्या मालकांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, अगदी दोनशेच्या वेगातही.

ऊटेनं त्यांची बाही धरली आणि लहान मुलीसारखी धरून ठेवली. मालकांनी किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, सोमवारी लायसन्सही देऊन येतो.

तेव्हा पायरीवर बसलेली आनिका उठली. "आजोबा, लायसन्स देऊ नका."

"अगं, आत्ता काय सांगितलं मी?"

"चालवू नका. मी कुठे म्हणतेय चालवा? पण मला शेजारी माणूस बसवल्याशिवाय चालवता येत नाही, आणि तो लायसन्सवालाच लागतो. तुम्ही दिलंत तर तुमचं नाव घालता येणार नाही."

हे खरं होतं. आमच्याकडे सतराव्या वर्षी परीक्षा पास झालं तरी अठरा पुरी होईपर्यंत नाव नोंदवलेला मोठा माणूस शेजारी असल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आनिकाच्या कागदावर एकट्या ऊटेचं नाव होतं, आणि ऊटे सदा ड्यूटीवर. पोरीनं मेहनतीनं मिळवलेला परवाना कपाटात पडून होता.

"ह्या गाडीत?" ऊटे म्हणाली. "अजिबात नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभरावर जाते ही."

"मग आजोबांना आजीकडे कोण नेणार? तू?"

उत्तर मालकांनीच दिलं. भलते आवाज ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून काय उपयोग, असं ते म्हणाले.

"आवाज येऊ देत की," आनिका म्हणाली. "आजी बघून सांगायची ना? मग तुम्हीपण बघून सांगा."

त्या संध्याकाळी ऊटे एकटीच माझ्यात येऊन बसली. बराच वेळ ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि अडकवलेल्या पट्ट्याकडे बघत होती. मग डोळे पुसून आत गेली आणि तिनं अटी सांगितल्या. टायर नवे. महामार्ग नाही. आणि बाबांनी पुन्हा कधीही डावीकडे बसायचं नाही.

पुढच्या रविवारी मी नवे जोडे घालून तयार होते. आनिका डावीकडे बसली, आरसे तिच्या उंचीला लावून घेतले. मालक सवयीनं डाव्या दाराशी आले, थबकले, आणि माझ्या नाकापुढून वळसा घालून उजवीकडे गेले. दार उघडून ते नुसते उभे राहिले. शेवटी त्यांनी वाकून पट्ट्याचं बटण दाबलं. खट्‌ असा आवाज झाला आणि पट्टा सरसरत वर गेला. ते बसले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते.

आनिकानं मला सुरू केलं आणि जरा जास्तच दाबलं. तरुण पाय आणि आठ सिलिंडर. मी एकदम पुढे झेपावले. मालकांचा उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि खाली दाबला गेला.

"थांब जरा," ते म्हणाले.

त्यांच्या बुटाखाली काहीतरी लागलं होतं. ते वाकले, धूळ हातानं बाजूला केली आणि बोटांनी चाचपू लागले. तिथे माझा गालिचा टाचेएवढ्या जागेत पार विरला होता, आणि ती जागा रफू केलेली होती. एकदा नाही. एका रफूवर दुसरं, त्याच्यावर तिसरं, इतक्या बारीक टाक्यांनी की डोळ्यांना दिसू नये, फक्त बोटांना कळावं. दोरा करडा होता. गिरणीचा मालक तो, आपल्या मोज्यांचा दोरा ओळखणार नाही?

मित्रांनो, ती जागा माझ्या अंगावर होती, आणि मला तिचा अर्थ तेव्हा कळला. मला आपलं वाटायचं, बाईंना पाय दाबायची खोड आहे. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात, दोनशेच्या पुढच्या प्रत्येक गाण्यात, त्या बिचाऱ्या जिथे ब्रेक नव्हता तिथे ब्रेक दाबत होत्या. आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून शनिवारी आतली सफाई करताना ते भोक बुजवत होत्या. वरती बोलायच्या एवढंच, मला घाई नाही. माझी खानदानी पदवी, माझ्या पोटातल्या उशा, माझा तोरा, सगळं त्या टाचेएवढ्या जागेत उतरलं. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

"आजोबा, काय झालं?"

"तुझी आजी इथे बसून ब्रेक लावायची."

"तिथे ब्रेक कुठेय?"

"नाहीच," मालक म्हणाले. "तरी गाडी थांबायची."

त्यांनी आपला पाय नीट त्या जागेवर ठेवला आणि हातानं खूण केली, की चल.

आम्ही चर्चच्या चौकात आलो. मालक पट्टा ताणून काचेपर्यंत पुढे झुकले. त्यांच्या कानात त्या वेळी तो आवाज आला की नाही, मला ठाऊक नाही. पण मान त्यांनी उजवीकडे वळवली आणि कुंपणापलीकडे बघितलं.

"थांब."

आनिकानं ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले. कुंपणाआडून काटरिनच आली, रविवारच्या कपड्यात, मागे आपल्या छोट्या लेकीला बसवून. तिनं आम्हाला बघितलं, कोण कुठे बसलंय तेही बघितलं, आणि हात वर करून निघून गेली. मालकांनी पुन्हा एकदा वाकून खात्री केली.

"उजवीकडे मोकळं," ते म्हणाले. आनिकानं तिकडे बघितलं नाही. तिचे डोळे रस्त्यावर होते.

पठाराच्या चढावर पोरीचा पाय जड होऊ लागला. मला गाणं सुचत होतं, पण मीच आवरलं. आणि उजवीकडून, खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघत, कोणीतरी म्हणालं, की मला काही घाई नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिचं कौतुक जरूर करा, आम्हाला ते आवडतं. पण पावसाळ्याआधी तिच्या टायरांवरचा आकडा कोणालातरी बघायला सांगा, खाचांवर भुलू नका. आणि शेजारी बसलेलं माणूस 'थांब' म्हणालं, तर त्याच्यावर खेकसू नका. गाडी किती सुरक्षित आहे हे तपासायला माझ्या बहिणींना भिंतीवर आपटावं लागलं. तुम्ही फक्त शेजारच्या माणसाच्या पायाकडे बघितलं तरी पुरे.

आता शनिवारी माझी आतली सफाई आनिका करते. गालिचा नवा टाकूया, असं ती एकदा म्हणाली, तर मालक तिच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. त्यांच्या पायानं ती जागा पुन्हा विरायला लागली आहे. परवा ते लोरेबाईंची सुई आणि करड्या दोऱ्याची गुंडी घेऊन आले, चष्मा लावला आणि माझ्यात वाकून तासभर बसले. टाके वाकडेतिकडे पडलेत, लांबूनही दिसतात. पण धरून आहेत.